आवर

ठोकेवाडीत कुणी व्हॉल्व्ह म्हटलं की आधी विचारावं लागे, कुठला? एक नळाचा, तो प्लंबर बदलायचा. दुसरा छातीतल्या हृदयाचा, तो मिरजेचे डॉक्टर बदलायचे. आणि तिसरा माळाच्या टोकाला, मनोऱ्याच्या पायथ्याशी, पोलादी कपाटात उभा असलेला, रांजणाएवढा, तांब्याचा. तो शीतल तोडकर बदलायची. पहिल्या दोहोंत चूक झाली तर एका घरावर बेतायचं. तिसऱ्यात झाली तर गावच उरलं नसतं.

सरकारदरबारी त्या वस्तीचं नाव हृत्क्षेत्र नऊ. मिरजेच्या पूर्वेला, दंडोबाच्या डोंगरापलीकडच्या उजाड माळावर ती वसवलेली होती. इथल्या जवळजवळ सगळ्यांची जन्माची हृदयं थकून गेली होती आणि त्या जागी धातूचे पंप धडधडत होते. पूर्वी अशा पंपाला वीज द्यायला पोटातून वायर बाहेर काढत आणि कमरेला बॅटरी बांधत. वायरीच्या भोकातून जंतू शिरत आणि हृदयाच्या दुखण्यातून वाचलेलं माणूस वायरीपायी जाई. स्पंदन मंडळाच्या शास्त्रज्ञांनी ती वायरच काढून टाकली. त्या तांब्याच्या व्हॉल्व्हनं रेडिओलहरी तयार करायच्या, मनोऱ्यातून सोडायच्या आणि आसपासच्या प्रत्येक हृदयानं आपल्यापुरती वीज हवेतून उचलायची. अट एकच, लहरींचा घेरा सोडायचा नाही.

घेरा जिथे संपे तिथे मंडळानं पांढरे दगड रोवले होते. गाव त्यांना शीव म्हणायचं. शिवेपलीकडे गेलं की हृदयातली राखीव बॅटरी दीड-दोन तास साथ देई. तिचं नाव शिल्लक. मनगटावरच्या पट्टीत एक बारीकसा दिवा असे. शिल्लक भरलेली असली की हिरवा, निम्मी झाली की पिवळा. तांबडा झाला तर पळायचं नाही, कारण पळताना ती जास्तच भरभर संपते. गुमान चालत घर गाठायचं.

आणि एक गोष्ट. या हृदयाला बंद करायची कळ नव्हती. लोकांनीच ती ठेवू दिली नव्हती. ज्याला कळ असते ते कुणीही दाबून बंद करू शकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माणूस गेलं तरी घेऱ्यात त्याचं हृदय चालूच राही. डॉक्टर येऊन शिल्लक तेवढी, पुन्हा भरणार नाही अशी, रिकामी करत आणि मग प्रेत शिवेपलीकडे न्यावं लागे. ठोकेवाडीत मरण दोन टप्प्यांत येई, आणि लोकांना त्याची सवय झाली होती.

शीतलनं उमेदीची वर्षं सांगलीकडच्या एका रेडिओ प्रक्षेपण केंद्रात काढली होती. तिथल्या इनामदारसाहेबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, हा व्हॉल्व्ह जेवढी वीज खातो त्यातली पुष्कळशी नुसती उष्णता होते. पाणी फिरतं म्हणून तो जगतो. पण तांब्यावर हजारो व्होल्ट असतात, आणि साध्या पाण्यातून वीज वाहते. म्हणून हे पाणी सोवळ्यातलं. क्षार नाही, धूळ नाही, बोट लावायचं नाही. बोट लागलं की ओवळं, आणि ओवळं झालं की स्फोट."

तेव्हापासून ते सोवळं पाणी. शीतलनं आयुष्यात देवाचं म्हणून कधी सोवळं पाळलं नाही, पण या पाण्याचं पाळलं. रबरी हातमोजे घालून टाकी भरायची, पाण्याची शुद्धता दाखवणारा काटा सकाळ-संध्याकाळ बघायची, पिवळ्या पडलेल्या नळ्या वेळेआधी बदलायची, तांब्याचे कण धरून ठेवणारी राळ धुवायची.

तिची शेजारीण वैशाली कांबळे या सोवळ्यावर खूश होती. वैशाली एसटीत कंडक्टर होती, आणि निवृत्त झाली तरी आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जायचा.

"माझ्या पणजीला पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, शितले," ती म्हणायची. "आणि आज माझं काळीज तुझ्या सोवळ्या पाण्यावर चालतंय. पणजी असती तर खो खो हसली असती."

"हसायचं काय त्यात? तुझं चालतं तसंच माझंही चालतं."

"तेच तर. एका ठोक्यात."

ती गंमत नव्हती. ठोकेवाडी खरोखर एका ठोक्यात चालायची. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पहिल्या एक-दोन वर्षांत लोकांच्या हळूहळू लक्षात आलं की शेजारी शेजारी बसलं की नाडी जुळते. मग घराघरांची जुळली. शेवटी सगळं गाव एकाच वेळी आकुंचन पावायला आणि एकाच वेळी सैल पडायला लागलं. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या शीतलला वाटायचं, माळाखाली एकच मोठं जनावर निजलंय आणि आपण सगळे त्याच्या पाठीवर आहोत. त्याची भीती वाटत नसे. एकट्या माणसाला त्याचा आधारच व्हायचा.

मग जत्रेची कुस्ती झाली. सुनील मान्यांचा नातू विराज पुण्याहून आला होता. पोरगा धडधाकट, हृदय हाडामांसाचं. कवठ्याच्या पैलवानाशी त्याची कुस्ती लागली आणि अर्धा तास निकाल लागेना. सगळं गाव उभं राहून ओरडत होतं. सगळी हृदयं एकदम पळत होती, एकाच क्षणी वीज ओढत होती. मनोऱ्याखालच्या कपाटात पाणी तापलं, तांब्याला वाफेचा पडदा धरला. तापल्या तव्यावर टाकलेला थेंब कसा नुसता नाचतो, तव्याला चिकटत नाही, तसं झालं. पाणी होतं, पण तांब्याला लागत नव्हतं. व्हॉल्व्ह फुटला. नवा बसवेपर्यंत बहुतेकांची शिल्लक पुरली. सुनील माने आणि शाळेतल्या ऐवळेबाई यांची पुरली नाही. नातू जिंकला हे आजोबांना कळलं होतं की नाही, यावर गावात अजून वाद होतात.

आठवड्याभरात मंडळाच्या डॉ. इरा सबनीस आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. त्यांनी टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी राखाडी पेटी ठेवली.

"एका भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली," त्या म्हणाल्या, "तर काही दिवसांनी दोघांचे लंबक जुळतात. भिंत अगदी बारीक हलते, तेवढ्यावरून एकाला दुसऱ्याचा अंदाज लागतो. तुमची भिंत म्हणजे लहरी. एक हृदय वीज ओढतं तेव्हा लहर किंचित खाली जाते, आणि बाकीची हृदयं तिच्याप्रमाणे आपला ठोका सरकवून घेतात."

"भजनातल्या टाळ्यांसारखं," मागून कुणीतरी म्हणालं.

"अगदी तसंच. प्रत्येक हृदय दोन गोष्टी ऐकतं. आपल्या शरीराची हाक आणि शेजाऱ्यांची टाळी. तुम्ही घाबरलात, धावलात, की शरीराची हाक येते आणि ठोके वाढतात. एकाचे वाढले तर काही बिघडत नाही. पन्नासजणांचे वाढले तर बाकीचेही त्यांच्यामागून ओढले जातात. मग कुस्तीसारखं होतं."

"आणि ही पेटी?" वैशालीनं विचारलं.

"हा स्पंद-मर्यादक. लहरींमध्येच एक ताल मिसळतो. कुणाचंही हृदय मिनिटाला नव्वदच्या वर जाणार नाही. सोप्या शब्दांत, हृदयांना आवर घालतो."

"आवर," वैशाली म्हणाली. "लहानपणापासून हाच शब्द ऐकतेय. हसणं आवर, पदर आवर, तोंड आवर. म्हटलं म्हातारपणी सुटले, तर आता त्याची पेटीच निघाली."

हॉलमध्ये हशा पिकला. इरा हसल्या नाहीत. "दोन माणसं गेलीत, वैशालीताई."

हसू जागच्या जागी विरलं.

"ऐवळेबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या," वैशाली सावकाश म्हणाली. "मला नका सांगू. मला एवढंच सांगा, माझी लेक सायली पुण्याहून येते, दारात गाडी थांबते, तेव्हा माझ्या छातीत जे होतं त्याचं काय?"

"आनंद होईलच तुम्हांला. फक्त हृदय धावणार नाही."

"मग तो आनंद राहणार कुठे?"

"मेंदूत."

"आमच्यात तिथं ठेवायची पद्धत नाही."

आता शीतल उठली. तिचं नाव शीतल ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला होता, असं गावात म्हणत. "मॅडम, घाम यंत्राला येतोय. मग आवर माणसाला का? यंत्राला पाणी वाढवा. आत सोवळं पाणी फिरतं ते ठीकच आहे. पण त्या पाण्याची धग बाहेर काढायला तुम्ही नुसते पंखे लावलेत. उन्हाळ्यात या माळावरचा वारा तो काय थंड करणार? खडीच्या खाणीत पाणी साठलंय, ते आणा."

पेटी नको म्हणून हॉलभर हात वर झाले. इरांनी ते न मोजताच नकारार्थी मान हलवली. "मंडळाकडे या क्षेत्रासाठी त्याची तरतूद नाही. पेटी तयार आहे. पुढचा व्हॉल्व्ह बदलाल तेव्हा ती बसेल. आणि ती बसवल्याशिवाय मी यंत्र सुरू करू देऊ शकत नाही. पुन्हा दोन माणसं गेली तर उत्तर मला द्यावं लागेल, शीतलताई. तुम्हांला नाही."

ते खोटं नव्हतं. शीतलला राग त्याचाच आला.

दुसऱ्या दिवसापासून गाव खाणीकडून मनोऱ्यापर्यंत चर खणायला लागलं. छातीत पंप असलेली माणसं खणणार ती किती? एकानं दहा घाव घातले की सगळ्या गावाला दम लागे. म्हणून पाळी लावली. दहा घाव, मग बैठक, मग दुसरा. वैशाली चराच्या काठावर खुर्ची टाकून बसायची आणि कुणी अकरावा घाव घातला की ओरडायची, "स्टॉप आला, उतरा खाली." हिवाळाभर ते काम चाललं. जुने पीव्हीसी पाईप मिळाले, पंप मिळाला, आणि शीतलनं भंगारातून पातळ पत्र्यांची एक जाळी उभी केली. पत्र्याच्या एका अंगानं सोवळं पाणी जाणार, दुसऱ्या अंगानं खाणीतलं हिरवट पाणी. दोन्ही एकमेकांना शिवणार नाहीत, पण इकडची धग तिकडे जाईल.

"म्हणजे सोवळ्याला वाचवायला शेवटी ओवळंच लागलं," वैशाली म्हणाली.

"हो. आणि शिवाशिव न होता."

"पत्रा काढून टाक म्हणावं तुझ्या शास्त्राला."

"पत्रा काढला तर तू मरशील."

"मग राहू दे."

व्हॉल्व्ह बदलायचा दिवस गावात शिळासप्तमी म्हणून पाळला जायचा. त्या दिवशी कुणी चूल पेटवत नसे, आदल्या दिवशीचं थंड खात, आणि घराघरांत माणसं खाटेवर निपचित पडून शिल्लक वाचवत. शीतळादेवीच्या त्या सणाच्या नावाचा योगायोग शीतलला वर्षानुवर्षं ऐकवला जायचा. फाल्गुनातल्या एका सकाळी मंडळाचा ट्रक आला. नवा व्हॉल्व्ह लाकडी खोक्यात होता आणि राखाडी पेटी इरांच्या मांडीवर.

शीतलनं वीज तोडली. कपाटातल्या साठवणुकीतली वीज उतरायची वाट पाहिली आणि मग काठी घेतली. लांब दांड्याच्या टोकाला तांब्याचा आकडा आणि त्याला जमिनीत गेलेली जाड वायर. यंत्रात हात घालण्याआधी ही काठी उच्च दाबाच्या टोकाला अडकवायची, म्हणजे आत वीज उरलेली असली तरी ती जमिनीत जाते. या धंद्यात एक नियम कुठेही, कुणीही मोडत नाही. ज्यानं काठी लावली त्यानंच ती काढायची. तोवर मंत्री आला तरी यंत्र सुरू होत नाही.

वीज जाताच गावचा ठोका सुटला. शीतलला ते दर वेळी जाणवे. माळाखालचं जनावर विरघळून जाई आणि छातीत फक्त आपला, कोरडा, थोडा अडखळता ठोका उरे. परक्या घरात जाग आल्यासारखं वाटे.

तिनं जुन्या व्हॉल्व्हमधलं पाणी उतरवलं. साखळीच्या पुलीनं तो उचलला. तांब्यावर करपलेले डाग दिसले, ते इरांना दाखवले. नवी रबरी कडी बसवली, नवा व्हॉल्व्ह अलगद खाली सोडला, नळ्या जोडल्या, पाणी फिरवून थेंब कुठे गळतो का ते बोटानं नाही, टिपकागदानं पाहिलं. मग स्टूल ओढून काठीखाली बसली.

"पेटी बसवायची राहिलीय," इरा म्हणाल्या.

"ती बसणार नाही."

"शीतलताई, गाव शिलकीवर आहे."

"माहीत आहे. म्हणून लवकर ठरवा. खाणीचं पाणी जोडून तयार आहे. पेटीशिवाय यंत्र सुरू करा, मी काठी काढते."

"आणि नाही म्हटलं तर?"

शीतलनं मनगट पुढे केलं. दिवा पिवळा होता. "गावात सगळ्यांत जुनी बॅटरी माझी. बाकीच्यांचे अजून हिरवे आहेत, फिरून बघून या. आधी माझं बंद पडेल. मग काठी तुम्ही काढा. मेलेल्याची काठी काढायला नियम आडवा येत नाही."

"ही धमकी आहे?"

"नाही. सभेत गावानं हात वर केले होते. पेटी नको, म्हणून. ते हात तुम्ही मोजले नाहीत, मी मोजतेय."

इरांनी पेटी खाली ठेवली आणि कपाटामागे गेल्या. बराच वेळ त्या जाळीपाशी वाकून काहीतरी बघत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या बोटांवर पांढरी भुकटी होती.

"हे पाणी क्षारांचं आहे. दोन महिन्यांत जाळी तुंबेल."

"तुंबली की घासू."

"घासताना यंत्र कशावर चालेल?"

शीतलनं त्या भुकटीकडे पाहिलं. हिवाळाभर ती धगीचा विचार करत होती, चुन्याच्या थराचा केला नव्हता. ही चूक तिलाच शोभत होती. आयुष्यभर सोवळंच पाणी हाताळलेल्या बाईला साध्या पाण्याचे अवगुण आठवलेच नाहीत.

इरांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. पिवळा दिवा आता नारिंगी वाटत होता. "दोन जाळ्या लागतील," त्या म्हणाल्या. "एक चालू, एक घासायला. एक माझ्या ट्रकमध्ये आहे. हृत्क्षेत्र चारसाठी निघाली होती."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी वरचे साहेब बोलत होते, त्यांचा आवाज शीतललाही ऐकू येत होता. इरा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही सर, पेटी बसली नाही. काठी लागलेली आहे. नाही, मला काढता येत नाही. नियम आहे." आणि फोन बंद करून त्यांनी बाह्या वर केल्या. "पाना द्या. बारा नंबरचा."

दुसरी जाळी जोडेपर्यंत शीतलचा दिवा तांबडा झाला होता. तिनं उभं राहून काठी काढली, खुंटीला टांगली आणि बटण दाबलं. मनोरा घुमला. थोड्या वेळानं जनावर पुन्हा एकत्र आलं, आधी गोंधळलेलं, मग एका सुरात. राखाडी पेटी कपाटाबाहेर फरशीवरच होती. पुढे वैशालीनं तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

वैशाली गेली ती पुढच्या वर्षी, आषाढात. मेंदूत रक्तस्राव झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं, शिल्लक रिकामी केली आणि म्हणाले, "गेल्या. हृदयाकडे लक्ष देऊ नका." सायली पुण्याहून येईपर्यंत थांबायचं ठरलं.

ती पोचली तेव्हा घर बायकांनी भरून गेलं होतं आणि कुणी रडत नव्हतं. शीतलला आधी कळेना. मग तिनं चेहरे पाहिले. दात आवळलेले, पदर तोंडात कोंबलेले, आणि प्रत्येकीची नजर तिच्यावर. कुस्तीनंतर लोक आपोआपच असे झाले होते. बारसं असो, भांडण असो, छाती भरून आली की आधी मनोऱ्याकडे बघायचं. पेटी कपाटात बसली नव्हती. ती प्रत्येकाच्या घशात बसली होती.

शीतलनं खिशातलं यंत्र काढून पाण्याचं तापमान पाहिलं. दोन्ही जाळ्या चालू होत्या. एक तिनं कालच घासली होती.

"रडा गं," ती म्हणाली. "आज कुणी आवरायचं नाही. आवरायचं ते मी यंत्राचं आवरते."

आधी एक हुंदका आला. मग घर फुटलं. मग गल्ली, मग गाव. शीतलच्या छातीत हृदय असं पळायला लागलं की भिंत धरावी लागली. तापमानाचा काटा चढत होता. कुस्तीच्या दिवशी व्हॉल्व्ह फुटला त्या खुणेला लागला, ओलांडून गेला. खाणीचं हिरवट पाणी पाईपातून गडगडत होतं. काटा थरथरला आणि थांबला.

सायली आईच्या उशाशी होती, आईच्या छातीवर हात ठेवून. तिनं एकदम मान वर केली. "शीतलमावशी, हृदय पळतंय हिचं. आई जिवंत आहे. डॉक्टर चुकलेत."

बायका थबकल्या.

"तिचं नाही पळत, बाळ," शीतल म्हणाली. "आपलं पळतंय. तिच्या अंगाची हाक आता येत नाही. तिचं हृदय नुसतं आमच्या मागे येतंय."

"म्हणजे तुम्ही रडताय म्हणून हे...?" सायलीनं हात काढून घेतला, मग पुन्हा ठेवला. "मग गप्प करा ना सगळ्यांना. मला सहन होत नाही हे."

गप्प करणं सोपं होतं. सगळ्या आधीच गप्प होऊ लागल्या होत्या, आणि सायलीच्या हाताखाली ते हृदय मंद होत चाललं होतं. पेटी असती तर ते पळालंच नसतं, आणि ही पोरगी सुखानं रडून मोकळी झाली असती.

"नाही," ती म्हणाली. "तुझी आई सगळी नोकरी लोकांना गप बसा, गप बसा म्हणून ओरडत राहिली, पण तिला कुणाला गप्प बसवता आलं नाही. तिच्या घरात आज नाही बसवायचं. आणखी थोडा वेळ ती आमच्यात आहे. तेवढं असू दे."

सायली आईच्या छातीवर डोकं टेकवून रडली. त्या घरात तिचं एकटीचंच हृदय हाडामांसाचं होतं. ते आपल्या तालात रडत होतं.

त्रिशरण म्हणून झालं. स्मशान शिवेपलीकडे होतं. शीतल तिरडीच्या कडेनं चालत होती, कापडाखाली हात घालून. जसजसं गाव मागे पडत गेलं तसतशा लहरी विरळ झाल्या. ठोका बारीक झाला. पांढऱ्या दगडापाशी तो एकदा आला, मग आलाच नाही. त्याच वेळी शीतलचं स्वतःचं हृदय अडखळलं, शिलकीवर गेलं आणि आपल्या कोरड्या चालीनं चालू लागलं. इथून पुढे दोघी वेगळ्या.

परत येताना ती दगडापाशी मागे राहिली. दिवा पिवळा झाला होता. फोन वाजला. इरा होत्या.

"काटा बघितला मी इथून," त्या म्हणाल्या. "कुस्तीच्या कितीतरी वर. पाणी उकळलं नाही."

"दोन जाळ्या होत्या ना."

"हो. शीतलताई, डॉक्टरांनी मृत्यू कळवल्यावरही आमच्या पडद्यावर हृदयं तेवढीच दिसत होती. एकही कमी नाही. आणि त्या एकाचे ठोके बाकीच्यांपेक्षा जराही वेगळे नव्हते."

"आमच्याबरोबर रडत होतं ते."

"तेच विचारायचं होतं. तिथे एवढी माणसं होती. त्यांतलं स्वतःचं कोण रडत होतं आणि नुसतं ओढलं कोण जात होतं, ते कळायचं कसं?"

शीतलनं छातीवर हात ठेवला. शिवेबाहेर तिचं हृदय संथ होतं, अगदी संथ. डोळेही कोरडे होते. इतक्या वर्षांची मैत्रीण जाळून आलेल्या बाईचे असावेत त्यापेक्षा कितीतरी कोरडे. हे कोरडेपण खरं की घरातली ती धडधड, तिला ठरवता येईना.

"ते तुम्ही शोधा," ती शेवटी म्हणाली. "पेटीचं मात्र नाव काढायचं नाही."

फोन खिशात टाकून तिनं दगडाच्या आत पाऊल टाकलं. दहा-बारा पावलांत हृदय उचललं गेलं, पळायला लागलं. गाव अजून रडत होतं. तिच्या गळ्यात काहीतरी दाटून वर आलं, आणि ते कुणाचंही असलं तरी तिनं ते आवरलं नाही.